गॅरेजमधलं सहा इंच जास्तीचं कपाट

"ज्या माणसाला स्वतःच्या घरातलं साधं कपाट स्वतःच्या हाताने करता येत नाही, त्याला दोन हात दिलेच कशाला?" असा प्रश्न मी एका रविवारी सकाळी चहा पिता पिता विचारला. उत्तराची अपेक्षा नव्हतीच. पण आईने विणकाम थांबवलं, बायकोने कात्री खाली ठेवली आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आमच्या घरात सासू-सुनेचं एकमत फार क्वचित होतं. झालंच तर ते माझ्याविरुद्ध असतं.

"पडद्याचा दांडा आठवतो?" बायको म्हणाली.

हा जुना विषय आहे. हॉलच्या खिडकीसाठी मी एकदा दांडा कापला होता, तो खिडकीपेक्षा चार इंच आखूड भरला. मग मच्छरदाणीची चौकट केली, ती आखूड. बाथरूममधली फळी, तीही आखूड. पण अहो, ही सगळी सुरुवातीची कामं! आता मी रोज जेवताना सुतारकामाचे व्हिडिओ बघत होतो. त्यातला तो दाढीवाला प्लायवूड असं कापतो, की बघणाऱ्याला वाटावं पाव कापतोय!

"तुझ्या वडिलांनी पण एकदा स्टूल केलं होतं," आई म्हणाली. "अजून डुगडुगतंय."

मी दुर्लक्ष केलं. आनुवंशिकतेवर माझा विश्वास नाही.

आता कपाटाचं एवढं काय अडलं होतं, ते सांगतो. माझी बायको शिवणकाम करते. अकरा वर्षं तिने आमच्या झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीवर बसून, गावभरच्या बायकांचे ब्लाउज बेतले. आता तिने स्वतःचा क्लास काढायचा ठरवलं होतं. सहा जणींनी नावं दिली होती, पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता पहिला वर्ग होता, बोर्डसुद्धा रंगवून आला होता. आणि जागा? जागा म्हणजे आमचं गॅरेज! गाडी बाहेर रस्त्यावर राहू शकत होती. पण गॅरेजमध्ये चार जुने टायर, रंगाचे डबे, विनासाखळीच्या दोन सायकली, एक शिडी आणि "कधीतरी लागेल" या नावाखाली साठवलेलं बाकीचं विश्व पसरलेलं होतं. सहा बायकांना बसवणार कुठे? टायरवर?

"मला खरं म्हणजे कटिंगचं टेबल हवंय," बायको म्हणाली. "उभं राहून कापता येईल असं. खाली बसून बसून कंबर गेली माझी."

"टेबलाचं नंतर बघू गं! आधी सामान भिंतीवर चढायला हवं. जमीन मोकळी झाली की सगळं सुचतं."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की मी सावध व्हायला हवं, हे लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं होतं. पण मी तोवर रंगीत पेन्सिली शोधायला उठलो होतो.

मी ऑफिसात नियोजन विभागात आहे. आमच्या विभागाने आजवर काही बांधलं नाही, पण आराखडे असे काढलेत की बघत राहावं! तेव्हा कपाटाचा आराखडा मी तीन रंगांत केला. गॅरेजच्या मागच्या भिंतीला डावीकडे बाजूची भिंत आणि उजवीकडे पुढे आलेला एक जाडजूड खांब आहे. या दोघांच्या मधोमध खांद्याच्या उंचीवर तीन खणांचं एक लांबलचक कपाट! टायर मावावेत म्हणून वीस इंच खोल. फक्त भिंत ते खांब हे अंतर तेवढं हवं होतं, आणि नेमकी माझी स्टीलची टेप सापडेना.

"अगं, तुझ्या टेपने जरा तेवढं माप घे ना!" मी पेन्सिलीला टोक करत ओरडलो.

बायकोच्या गळ्यात टेप कायम लटकलेली असते. तिने माप घेतलं आणि कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं. शहाऐंशी इंच.

शहाऐंशीला तीनने भागलं तर अठ्ठावीस पूर्णांक आणि वर काहीतरी शेपूट येतं. आमच्या विभागात अपूर्णांक आला की तो वरच्या बाजूला सरकवायची पद्धत आहे. खालच्या बाजूला सरकवला की वरचे साहेब चिडतात. म्हणून मी प्रत्येक खणाची रुंदी एकोणतीस इंच धरली. शिवाय तो दाढीवाला सांगतो, की करवतीचं पातं लाकूड खातं. म्हणून पात्याच्या पोटापाण्यासाठी अर्धा इंच. एका खणाला साडेएकोणतीस! यादी घेऊन मी प्लायवूडच्या दुकानात गेलो.

दुकानदार मशीनवर कापून देतो. त्याने यादी वाचली, मग मला खालपासून वरपर्यंत वाचलं.

"माप कोणी घेतलं, साहेब?"

"बायकोने घेतलं. पुढची प्रक्रिया मी केली."

"आधी कधी काही केलंय?"

"पडद्याचा दांडा," मी म्हणालो. खोटं कशाला बोला?

"हं," तो म्हणाला. "एक सांगू? तीन वेगवेगळी कपाटं करा आणि एकेक टांगा. एकत्र जोडू नका. उचलणार नाही आणि चुकलं तर सुधारता येणार नाही."

मी हसलो. दुकानदार आहे, याला काय कळणार! तीन सुटे खण म्हणजे तीन चुलींचं घर. मला एकत्र कुटुंब हवं होतं.

पुढचे चार दिवस मी ऑफिसातून सुटलो की सरळ गॅरेजमध्ये! आई दारात खुर्ची टाकून विणत बसायची आणि मला लागेल ती मदत करायची. म्हणजे बोलायची.

"अरे, खिळा वाकडा जातोय."

"तो तसाच जायचा असतो, आई!"

"तुझ्या वडिलांचाही तसाच जायचा."

पण खरं सांगतो, कपाट झालं! शुक्रवारपर्यंत तीन खण उभे राहिले. शनिवारी मी ते गोंदाने आणि खिळ्यांनी एकमेकांना असे जोडले, की भूकंप झाला असता तर घर पडलं असतं, कपाट राहिलं असतं. गोंदाचा अख्खा डबा संपला. दर दोन इंचांवर खिळा! मग तीन दरवाजे लावले. पुन्हा पुन्हा घासून इतके गुळगुळीत केले, की मलाच त्यांच्यावरून हात फिरवावासा वाटायचा. मुठी बसवायच्या तेवढ्या राहिल्या.

मग भिंतीवर आधाराला एक जाड लाकडी पट्टी ठोकायची होती, कपाटाने जिच्यावर बूड टेकावं अशी. स्टीलची टेप अजूनही बेपत्ता. बायकोकडे पुन्हा टेप मागायची म्हणजे जावयाने सासऱ्यांकडे दुसऱ्यांदा हुंडा मागितल्यासारखं वाटत होतं! मी फूटपट्टी घेतली आणि पट्टीवर एकेक फूट मोजत निघालो. सात फूट आणि दोन इंच, म्हणजेच शहाऐंशी.

"एक... दोन... तीन... चार..."

"किती जणी येणार रे सोमवारी?" आईने दारातून विचारलं.

"सहा!" मी फूटपट्टी पुढे सरकवत म्हणालो. "...सात, आणि दोन इंच. झालं!"

पट्टी कापली, ठोकली आणि समाधानाने घाम पुसला.

रविवारी दुपारी मेहुण्याला बोलावलं. हा बायकोचा धाकटा भाऊ. व्यायामशाळेत जातो आणि दारातून आडवा आत येतो. तो डावीकडून, मी उजवीकडून. बायको मधोमध नुसता हात लावायला. आई खुर्चीत, देखरेखीला.

"एक, दोन, तीन... उचला!"

उचललं! दात-ओठ खाऊन, पण उचललं! डावं टोक पट्टीवर टेकलं, भिंतीला घासत आत गेलं. माझी छाती दोन इंच फुगली. उजवं टोक मात्र खांबापाशी येऊन थांबलं.

"भाऊजी, बसत नाहीये."

"बसेल! लाकूड नवीन आहे, जरा लाजतंय. ढकल!"

त्याने ढकललं. माझ्याकडे लाकडी हातोडा होता, मी त्याने दोन ठोके दिले. खांबाचा गिलावा ढेकळासारखा माझ्या डोक्यावर पडला. आणखी एक ठोका! कर्रर्र असा आवाज झाला आणि कपाट भिंत आणि खांब यांच्यामध्ये तिरकं, अर्धं आत अर्धं बाहेर, घट्ट रुतून बसलं. आम्ही हात सोडले. ते हललंसुद्धा नाही.

"झालं की," आई म्हणाली. "स्क्रू वाचले."

"आई, तिरकं आहे ते!"

"मग भिंत सरकव जरा."

मेहुणा हसायला लागला. मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो आणखी हसायला लागला. मी म्हणालो, आधी मोजूया. आई पाणी प्यायला उठली आणि खुर्चीच्या गादीखाली माझी स्टीलची टेप सापडली. आठ दिवस तिच्यावर बसून आई मला "टेप कुठे ठेवलीस रे, वेंधळ्या?" असं विचारत होती!

भिंत ते खांब, चौऱ्याऐंशी इंच. पुन्हा मोजलं. चौऱ्याऐंशीच.

"तू शहाऐंशी लिहिलंस!" मी बायकोला म्हणालो.

"हो. एकेक इंच दोन्हीकडून शिवणीत जायला."

"भिंतीला कुठे शिवण असते?"

"नसते. पण तुम्ही कापलेलं आजवर कधी पुरलंय? दांडा चार इंच कमी, चौकट कमी, फळी कमी! म्हटलं सैलसर माप द्यावं, म्हणजे तुम्ही आखूड कापलंत तरी बरोब्बर येईल!"

"म्हणजे हा तुझा विश्वास!"

"विश्वास नसता तर चार इंच दिले असते."

"अहो पण शहाऐंशी कुठे आहे हे?" मेहुणा कपाटाला टेप लावून म्हणाला. "हे नव्वद भरतंय, भाऊजी!"

बायको माझ्याकडे बघू लागली. मी वर सरकवलेला अपूर्णांक सांगितला. पात्याचं पोटपाणी सांगितलं. सगळं धरून साडेअठ्ठ्याऐंशी होत होतं. तरी दीड इंच उरतच होता! मी तिथूनच प्लायवूडवाल्याला फोन लावला आणि आवाज चढवला.

"रागावू नका, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही दुकानात शिरलात तेव्हाच मी ओळखलं. तुमच्यासारखे लोक दोन दिवसांनी तोंड पाडून परत येतात, कमी पडलं म्हणून. मी प्रत्येक खणाला अर्धा इंच माझ्याकडून वाढवून दिला. कापायला काय, कधीही कापता येतं!"

कधीही कापता येतं! गोंदाचा अख्खा डबा, दर दोन इंचांवर खिळा, एकत्र कुटुंब! हे कापायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं उचकटायचं. त्याला चार दिवस. वर्ग सुरू व्हायला अठरा तास.

म्हणजे बघा, माझ्यावर कोणाचाच भरवसा नव्हता आणि तरी प्रत्येकाने मला सांभाळून घेतलं होतं. माझ्या अब्रूसाठी तीन माणसांनी चोरून इंच दिले होते. त्या तिघांत मीसुद्धा होतो!

मला वाटलं, आता बायको बरसणार. मी तयारही होतो. पण ती मागे सरली. एका टायरवर बसली आणि गॅरेजभर पसरलेल्या पसाऱ्याकडे बघत राहिली. मग पदराने हात पुसत हळूच म्हणाली, "मी त्यांना फोन करून सांगते. पुढच्या महिन्यात या म्हणावं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला खरंच फार वाईट वाटलं. अकरा वर्षं ही बाई कोपऱ्यात बसून दुसऱ्यांचे कपडे त्यांच्या मापात बसवत होती. आणि तिच्यासाठी करायची पहिली वस्तू मी भिंतीत अडकवून ठेवली होती.

"फोन करू नकोस," मी म्हणालो. "आधी हे खाली घेऊ. मी सगळं सामान आपल्या खोलीत हलवतो. मी झोपेन शिडीवर!"

"झोप शिडीवर," आई म्हणाली. पण तीही उठून हात लावायला आली.

रुतलेलं कपाट बाहेर काढायला पाऊण तास लागला. मेहुण्याने खांबाला पाय लावून ओढलं, मी खालून रेटलं, बायको दोघांना सूचना देत होती आणि आई मेहुण्याला कमरेला धरून मागे ओढत होती. शेवटी एकदाचं ते मोठ्ठा आवाज करत सुटलं! आम्ही चौघं धडपडत मागे आलो. हात भरून आले होते, श्वास पुरत नव्हता. "ठेवा! कुठेही ठेवा!" मी ओरडलो. वाटेत टायर होते, दोन-दोन एकावर एक रचलेले. त्यांच्यावरच आम्ही ते पाठीवर आडवं टाकलं. या टोकाला दोन टायर, त्या टोकाला दोन, मध्ये रंगाचे डबे.

कपाटात सामान जायचं होतं. आता सामानावर कपाट होतं.

मी भिंतीला टेकून डोळे मिटले. मेहुणा पाणी पीत होता. थोड्या वेळाने मी एक डोळा उघडला. ती कपाटाशेजारी उभी होती. वर आलेल्या तीन गुळगुळीत दरवाज्यांवरून तिचा हात फिरत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिने गळ्यातली टेप काढली आणि जमिनीपासून वरपर्यंत धरली.

"छत्तीस," ती म्हणाली.

"काय छत्तीस?" मी घाबरून विचारलं. आता आणखी कुठे इंच वाढले होते?

ती घरात गेली आणि कापडाचा एक मोठा तुकडा घेऊन आली. तो तिने झटकून त्यावर पसरला. अख्खा मावला. खडूने एक लांब रेघ ओढली, सरळ, उभ्याने, कुठेही न वाकता. मग कात्री चालवली. कात्रीचा तो करकर आवाज मी अकरा वर्षं ऐकतोय, पण जमिनीवरून. उभ्याने कापताना तिचा चेहरा कसा दिसतो हे मला माहीतच नव्हतं.

"कटिंगच्या टेबलाची उंची किती असते गं, ताई?" मेहुण्याने विचारलं.

"छत्तीस," ती म्हणाली आणि हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा!

आई जवळ आली. दोन्ही हातांनी कपाट दाबून बघितलं. इकडून हलवलं, तिकडून हलवलं.

"डुगडुगत नाही," ती म्हणाली. आमच्या घराण्यात याहून मोठी पदवी नाही.

सोमवारी मी अर्धी रजा काढली. सायकली मेहुण्याने नेल्या, शिडी आमच्या खोलीत, पलंगाच्या माझ्या बाजूला आहे. बाकी सगळं टायर आणि डब्यांच्या मध्ये, टेबलाखाली ढकललं. दरवाजे वर उघडतात, म्हणून आत कापडाचे तागे बसतात. दहा वाजता सहा जणी आल्या. मी बाहेर रस्त्यावर गाडी पुसत उभा राहिलो. गाडी स्वच्छच होती.

"अय्या, टेबल काय छान आहे!" आतून कोणीतरी म्हणालं. "कुठून आणलंत हो?"

"घरीच केलंय. यांनी."

मी फडकं जोरात फिरवू लागलो.

"एवढं मोठं? मापाने करून घेतलंत?"

"हो तर," बायको म्हणाली. "तिघांनी मिळून माप काढलंय."

सगळ्या वा वा करू लागल्या. मग तिने घसा साफ केल्याचा आवाज आला. "चला, वह्या काढा. पहिला धडा. माप घेताना आधी बघायचं, कापणारं माणूस कोण आहे. त्याच्या हाताप्रमाणे कापड जास्त ठेवायचं. जास्तीचं दुमडून आत घालता येतं. कमी पडलेलं कोणालाच वाढवता येत नाही."

सहा जणींनी ते लिहून घेतलं. मला राग यायला हवा होता. पण तितक्यात उघड्या दारातून माझी नजर गॅरेजच्या मागच्या भिंतीवर गेली. आधाराच्या त्या लाकडी पट्टीवर बायकोने खिळे मारून कात्र्या, टेपा आणि फूटपट्ट्या ओळीने टांगल्या होत्या. फार शोभत होतं. या सगळ्या कामात ती पट्टी तेवढी कोणाच्याही मदतीशिवाय मोजून, कापून मी लावलेली आहे. तिच्या उजव्या टोकाला, खांबापर्यंत, कोरी भिंत आहे. चांगली दहा इंच. मला ती शनिवारीच दिसली होती.

बायकोलाही दिसली असणार. त्या मोकळ्या जागेत तिने घड्याळ लावलंय.